मोरबाथचे चर्च आणि त्याची हिशेबवही

इंग्लंडमधील खेड्यातले चर्च आपल्याकडच्या साहित्याच्या विद्यार्थ्याला पहिल्यांदा भेटते ते बहुधा थॉमस ग्रेच्या, १७५१ साली प्रसिद्ध झालेल्या विलापिकेत. संध्याकाळची वेळ, चर्चचा बुरूज, झाडांखालची मातीची थडगी, आणि त्या मातीखाली झोपलेली ज्यांची नावे कुणाला ठाऊक नाहीत अशी माणसे. ही कविता पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. तिच्याबरोबर एक गृहीतकही शिकवले गेले. ते असे की खेड्यातला मनुष्य इतिहासात मुका असतो आणि त्याच्या वतीने बोलण्याचे काम कवीला करावे लागते. या गृहीतकाची परीक्षा पाहणारे एक चर्च डेव्हन परगण्यात, एक्समूरच्या दक्षिण कडेला आहे. गावाचे नाव मोरबाथ. सोळाव्या शतकात तिथे अवघी तेहतीस कुटुंबे राहत होती. या तेहतीस कुटुंबांनी आपले चर्च कसे उभे ठेवले, कसे सजवले आणि ते त्यांच्या डोळ्यांदेखत कसे रिकामे झाले, याची चोपन्न वर्षांची नोंद आज उपलब्ध आहे. ती दगडात नाही, एका हिशेबवहीत आहे.

दगडाच्या बाबतीत मोरबाथ निराशा करणारे आहे, हे आधीच सांगितलेले बरे. सेंट जॉर्जच्या नावाने असलेले हे चर्च आजही उभे आहे. त्याचा बुरूज जुना आहे. पण त्यावरचे लक्षात राहणारे दुपाखी छप्पर आणि आतल्या मांडणीचा मोठा भाग ही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम बटरफील्ड या वास्तुविशारदाने केलेल्या जीर्णोद्धाराची देणगी आहे. व्हिक्टोरियन काळात इंग्लंडमधील हजारो चर्चांचा असा जीर्णोद्धार झाला. त्यात मध्ययुग परत आणण्याच्या उत्साहात मध्ययुगाचे उरलेसुरले अवशेषही अनेक ठिकाणी निघून गेले. त्यामुळे १५२० सालचे मोरबाथ पाहायचे असेल तर आजच्या इमारतीत शिरून उपयोग नाही. ते वहीतूनच पुन्हा बांधावे लागते. त्यासाठी एका सर्वसाधारण ग्रामीण चर्चची रचना मनात असायला हवी.

मध्ययुगीन इंग्रजी चर्चचे मुख्य भाग दोन. पूर्वेकडचा, जिथे मुख्य वेदी असते आणि धर्मगुरू मास साजरा करतो, तो चॅन्सेल. आणि पश्चिमेकडचा मोठा, जिथे गावकरी उभे राहतात वा बसतात, तो नेव्ह. या दोहोंमधील सीमा केवळ धार्मिक नव्हती, ती आर्थिकही होती. तेराव्या शतकापासून इंग्लंडमध्ये असा दंडक रूढ झाला होता की चॅन्सेलची दुरुस्ती दशमांशाचा हक्कदार असलेल्या रेक्टरने करायची आणि नेव्हची गावकऱ्यांनी. मास साजरा करण्यासाठी लागणारी बहुतेक सामग्री, म्हणजे पुस्तके, चषक, वस्त्रे, घंटा, हीदेखील गावकऱ्यांनीच पुरवायची. इंग्लंडमध्ये फिरताना अनेक गावांत लहानसे चॅन्सेल आणि त्याच्यापुढे अवाढव्य, उंच खिडक्यांचे नेव्ह दिसते, त्यामागे ही विभागणी आहे. लोकरीच्या व्यापारातून गावाकडे पैसा आला की तो नेव्हच्या भिंतींत उतरे.

या दोन भागांच्या सीमेवर लाकडी कोरीव पडदा असे, आणि त्याच्या माथ्यावर क्रुसावरचा ख्रिस्त, एका बाजूला मेरी, दुसऱ्या बाजूला योहान. या क्रुसाला रूड म्हणत आणि पडद्याला रूड स्क्रीन. नेव्हमधल्या माणसाला वेदी दिसे ती या पडद्याच्या जाळीतून. नेव्हमध्ये आणखी लहान वेद्या, संतांच्या मूर्ती आणि प्रत्येक मूर्तीपुढे दिवा किंवा मेणबत्ती. हा दिवा तेवत ठेवणे ही शब्दशः आर्थिक व्यवस्था होती. मेण विकत घ्यावे लागे, त्यासाठी पैसा लागे, पैशासाठी निधी आणि निधीसाठी माणसे.

मोरबाथची वही सुरू होते ती नेमकी या दिव्यांपासून. १५२० साली सर क्रिस्टोफर नावाचा तरुण धर्मगुरू गावात आला. ‘सर’ ही येथे सरदारकी नव्हे, विद्यापीठाची पदवी नसलेल्या धर्मगुरूला त्या काळी आदराने तसे संबोधत. त्याच्या आडनावाचे स्पेलिंग ट्रायचे असे वाचता येईल असे असले तरी उच्चार ‘ट्रिकी’ असा होता. १५७४ साली मृत्यू येईपर्यंत तो या एकाच गावचा धर्मगुरू राहिला. गावातल्या वॉर्डनांचे, म्हणजे चर्चच्या मिळकतीचा कारभार पाहणाऱ्या गावकऱ्यांचे हिशेब तो स्वतःच्या हाताने लिहून ठेवी. दरवर्षी ते हिशेब जमलेल्या गावापुढे मोठ्याने वाचले जात. ही बाब वाङ्मयाच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावी. हे लेखन डोळ्यांसाठी नाही, कानांसाठी आहे. त्यात बोलीचे वळण आहे, पुनरुक्ती आहे, श्रोत्यांना दिलेली दाद आहे, क्वचित टोमणाही आहे. आकड्यांच्या दोन रकान्यांपेक्षा ते कीर्तनकाराच्या कथनाला अधिक जवळचे वाटते.

या हिशेबांतून जे गाव दिसते ते थक्क करणारे आहे. चर्चचा एक मोठा निधी होता आणि त्याशिवाय अनेक लहान निधी, ज्यांना तिथे ‘स्टोअर’ म्हणत. मेरीमातेचा निधी, सेंट सिडवेलचा निधी, अविवाहित तरुणांचा निधी, कुमारिकांचा निधी. प्रत्येकाचे वॉर्डन वेगळे. कुमारिकांच्या निधीचे वॉर्डनपद मुलींकडे. त्या वर्गणी गोळा करीत आणि वर्षअखेरीस गावापुढे हिशेब देत. मुख्य वॉर्डनपद घरांच्या पाळीने फिरे. घरातला कर्ता पुरुष वारला असेल तर पाळी चुकत नसे, त्याची विधवा ते पद सांभाळी. म्हणजे राज्याच्या कोणत्याही कायद्याने स्त्रीला सार्वजनिक सत्ता दिलेली नसताना या आडगावात ती हिशेबाच्या वहीत, नावानिशी, सत्तेवर दिसते.

निधीचे भांडवल म्हणजे मेंढ्या. त्या चर्चच्या मालकीच्या असत, पण त्यांचा वेगळा कळप नसे. एकेक, दोनदोन मेंढ्या गावकऱ्यांच्या कळपांत वाटून दिलेल्या असत. लोकर कातरली की तिचा पैसा त्या त्या संताच्या दिव्याकडे जाई. कुणाकडची मेंढी मेली, कुणाकडची व्याली, याची नोंद दरवर्षी होई. एका दिव्यासाठी मधमाश्यांचे पोळे दान दिल्याचीही नोंद आहे. मध, मेण आणि दिवा यांची ती साखळी मोठी मनोहर आहे. याशिवाय ‘चर्च एल’ असे. चर्चच्या मालकीच्या घरात बिअर गाळली जाई, गाव आणि आसपासची माणसे जमत, पीत, खात आणि नफा चर्चच्या निधीत जमा होई. खर्चाचा सर्वांत मोठा भार या मेजवान्यांवर होता.

सेंट सिडवेल ही सर क्रिस्टोफरची आवडती संत. ती एक्सेटर शहराची. आख्यायिका अशी की सावत्र आईने तिच्या जमिनीच्या लोभाने गवत कापणाऱ्यांकरवी विळ्याने तिचा शिरच्छेद करविला. सर क्रिस्टोफरने तिची मूर्ती येशूच्या वेदीवर बसवली आणि गावाला हळूहळू तिचा लळा लावला. तिच्यासाठी चांदीचा जोडा घडवला गेला. १५३४ साली एक चोर शिडी लावून चर्चमध्ये शिरला आणि हा जोडा व मासचा चषक घेऊन पसार झाला. चषकावाचून मास कसा होणार? गावातल्या तरुणांनी आणि कुमारिकांनी आपसांत पैसे जमवले आणि नवा चषक विकत घेतला. हा मजकूर वाचताना वास्तुशास्त्राची एक साधी गोष्ट कळते. या चर्चमधील कोणतीही वस्तू निनावी नव्हती. प्रत्येक मूर्ती, प्रत्येक चषक, प्रत्येक दिवा कुणाच्या तरी घरातून आला होता आणि तो कुठून आला हे सगळ्या गावाला पाठ होते.

याचा अर्थ हे गाव रामराज्य होते असा मात्र नव्हे. चर्चच्या कारकुनाचे वेतन कुणी किती द्यायचे यावरून तिथे वर्षानुवर्षे भांडण चालले. काहींनी पैसे द्यायला साफ नकार दिला आणि धर्मगुरूने वहीत त्यांच्याबद्दल लिहिताना शब्द आखडते घेतलेले नाहीत. पण निर्णय बहुमताने रेटण्यापेक्षा सर्वांची संमती मिळवण्याकडे गावाचा कल असे, आणि म्हणूनच ही भांडणे इतकी लांबत.

आता या सगळ्यावर आलेल्या आघाताकडे वळू. मोरबाथ हे शेजारच्या बार्लिंच येथील मठाच्या ताब्यात होते. आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले, त्यात बार्लिंचही १५३०च्या दशकात गेला. त्या मोडतोडीतून एक खिडकी, काच, लोखंड आणि दगडासकट, ह्यू पॉलेट या उमरावाने मोरबाथच्या चर्चला भेट दिली. गावाने आपल्यासाठी प्रार्थना करावी एवढीच त्याची अपेक्षा. हे नाव वाचकाने ध्यानात ठेवावे, ते पुन्हा येणार आहे. तेव्हा गावाला ही खिडकी लाभच वाटली असणार. पण १५३८ साली राजाज्ञा निघाली की मूर्तींपुढे दिवे लावायचे नाहीत. रूडपुढे, वेदीवर आणि ईस्टरच्या थडग्यापाशी तेवढे दिवे चालतील. वरवर पाहता ही केवळ मेणबत्त्यांची बाब. परंतु मोरबाथच्या वहीत या आज्ञेचा अर्थ स्पष्ट दिसतो. दिवा गेला की निधीचे प्रयोजन गेले. निधी गेला की त्याचे वॉर्डन गेले. आणि पुढच्या काही वर्षांत कुमारिकांचा व तरुणांचा निधी नोंदींतून विरून गेला. गावातल्या मुलींनी वर्षातून एकदा सर्वांसमोर उभे राहून हिशेब देण्याची जागाच नाहीशी झाली. हे कुणी ठरवून केले नव्हते. मूर्तिपूजा बंद करायची एवढेच लंडनला ठाऊक होते. मूर्तीच्या आधाराने काय काय उभे आहे हे लंडनला माहीत असण्याचे कारण नव्हते.

खरा कडेलोट झाला तो १५४७ साली सहावा एडवर्ड गादीवर आल्यानंतर. या ठिकाणी वहीतला एक तपशील इतका बोचरा आहे की कादंबरीकाराने योजला असता तर तो कृत्रिम वाटला असता. मृतांसाठीच्या मासच्या वेळी घालायची काळी वस्त्रे गावाकडे असावीत अशी सर क्रिस्टोफरची फार इच्छा. स्वतःच्या उत्पन्नातला काही भाग बाजूला टाकून आणि गावकऱ्यांच्या बारीकसारीक देणग्या जमवून त्याने सुमारे वीस वर्षे पैसा साठवला. वस्त्रे अखेर विकत घेतली गेली ती १५४७ साली. मृतांसाठी प्रार्थना करणे व्यर्थ आहे असे ठरवणारे सरकार त्याच वर्षी सत्तेवर आले.

१५४८च्या आरंभी सर्व मूर्ती काढून टाकण्याचा हुकूम निघाला. मोरबाथमध्ये त्या वर्षी मुख्य वॉर्डनपदाची पाळी ल्युसी स्केली या बाईची होती. राजाचे अधिकारी, त्यांच्या फेऱ्या, त्यांच्याकडे घालावे लागणारे हेलपाटे, विक्रीला निघालेल्या वस्तू हे सारे तिच्या हिशेबात आहे. मेंढ्या गेल्या. चर्च एल थांबली. चर्चचे घर भाड्याने द्यावे लागले. एके काळी अनेक निधी आणि अनेक वॉर्डन असलेल्या गावात एकच वॉर्डन आणि कर्ज उरले. वहीची पाने रोडावतात. एरवी बोलका असणारा लेखक कोरड्या ओळी लिहू लागतो.

आणि मग येते १५४९. त्या वर्षीच्या ९ जूनपासून, म्हणजे व्हिटसनच्या रविवारपासून, इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचे झाले. दुसऱ्याच दिवशी डेव्हनमधील सँपफर्ड कोर्टनी या गावाने आपल्या धर्मगुरूला जुनाच मास म्हणायला लावले आणि बंड पेटले. डेव्हन व कॉर्नवॉलच्या शेतकऱ्यांनी जुलैच्या आरंभापासून ६ ऑगस्टपर्यंत एक्सेटरला वेढा दिला. शेवटी राजाच्या सैन्याने हे बंड अत्यंत निर्दयपणे मोडले. हजारो माणसे मारली गेली. या बंडात मोरबाथचा काही संबंध होता काय?

मोरबाथची वही १९०४ साली रेव्हरंड जे. अर्स्किन बिनी यांनी छापली होती, म्हणजे ती अभ्यासकांना अज्ञात नव्हती. त्यात पाच तरुणांना गावाने पैसे दिल्याची, त्यांच्यासाठी शस्त्रांवर खर्च केल्याची एक नोंद आहे. ते कुठे गेले त्या ठिकाणाचे नाव बिनींनी ‘सेंट डेनिस’ची टेकडी असे वाचले. त्या नावाचा अर्थ लागत नव्हता, म्हणून नोंद तशीच पडून राहिली. केंब्रिजचे इतिहासकार एमन डफी यांनी मूळ हस्तलिखित पाहिले तेव्हा तो शब्द ‘डेव्हिस’ असल्याचे त्यांच्या लक्षात आले. सेंट डेव्हिड्स डाउन ही एक्सेटरच्या तटाबाहेरची जागा, आणि तिथे बंडखोरांची छावणी होती. मोडीतल्या एका अक्षराच्या वाचनावरून ज्यांनी वाद घातले आहेत त्यांना या दोन-तीन अक्षरांचे मोल सांगायला नको. एका शब्दाच्या दुरुस्तीने चित्र पालटले. तेहतीस कुटुंबांच्या या शांत, कायदा पाळणाऱ्या गावाने आपल्यातले पाच तरुण राजाविरुद्ध लढायला पाठवले होते, आणि त्यांचा खर्च गुप्तपणे नव्हे, चर्चच्या हिशेबात, नेहमीच्या पद्धतीने लिहून ठेवला होता. ज्या व्यवस्थेने मेणबत्त्या विकत घेतल्या तिनेच तलवारींचे पैसे दिले. आणि त्यांच्याविरुद्ध चालून आलेल्या राजाच्या सैन्यात नाइट मार्शलच्या हुद्द्यावर कोण होता? ह्यू पॉलेट, ज्याची खिडकी मोरबाथच्या चर्चमध्ये बसवलेली होती.

डफी यांचा ‘द व्हॉइसेस ऑफ मोरबाथ’ हा ग्रंथ २००१ साली आला. त्याआधी १९९२च्या ‘द स्ट्रिपिंग ऑफ द आल्टर्स’मध्ये त्यांनी असे मांडले होते की धर्मसुधारणेच्या पूर्वसंध्येला इंग्लंडमधील पारंपरिक धर्मजीवन जर्जर झालेले नव्हते, उलट जोमदार होते. ए. जी. डिकन्स यांच्या १९६४च्या ‘द इंग्लिश रिफॉर्मेशन’ने धर्मसुधारणेला जनतेतून मिळालेल्या पाठिंब्यावर भर दिला होता. डफींची मांडणी त्याला छेद देणारी ठरली. मोरबाथ हा त्या वादातला पुरावा आहे, आणि तो वापरताना दोन सावधगिऱ्या बाळगाव्यात असे मला वाटते.

पहिली अशी की एका गावावरून देश ठरत नाही. लंडन किंवा पूर्व किनाऱ्यावरच्या बंदरांत नव्या मतांचे मनापासून स्वागत करणारी माणसे होती, आणि त्यांचा विश्वासही खरा होता. दुसरी अधिक महत्त्वाची. डफींच्या ग्रंथाच्या नावात ‘आवाज’ अनेकवचनी आहे. पण वहीतले हस्ताक्षर एकाच माणसाचे आहे. मुलींनी दिलेला हिशेब आपल्यापर्यंत येतो तो सर क्रिस्टोफरच्या लेखणीतून. ल्युसी स्केलीने त्या भयंकर वर्षाबद्दल काय म्हटले असते ते आपण तिच्या तोंडून ऐकत नाही. १५५३ साली मेरी ट्यूडर राणी झाली, कॅथलिक पंथ परतला आणि सर क्रिस्टोफरने मागे वळून हिशेब मांडला. त्याने लिहिले की ल्युसीच्या वर्षापासून चर्चची पडझड होत आली, आणि मग कुणी कुणी काय काय घरात लपवून ठेवले होते व आता परत आणून दिले याची यादी दिली. मूर्तींचे तुकडे, पुस्तके, वस्त्रे. या यादीत गावाचा आवाज सर्वांत मोठ्याने ऐकू येतो असे मी म्हणेन, कारण इथे धर्मगुरू बोलत नाही, माणसांची कृती बोलते. सरकारी आज्ञा मान्य करून वस्तू चर्चबाहेर काढायची आणि नष्ट न करता पाच-सहा वर्षे घरात सांभाळायची, यासाठी कोणतेही भाषण करावे लागत नाही.

पण शेवट पुनरागमनाचा नाही. १५५८ साली एलिझाबेथ गादीवर आली आणि पुन्हा वेदी गेली, मेज आले. मूर्ती गेल्या, पुस्तक आले. सर क्रिस्टोफर जागचा हलला नाही. चार राज्यकर्त्यांचे चार प्रकारचे धर्म त्याने एकाच चर्चमध्ये चालवले. त्याला संधिसाधू म्हणणे सोपे आहे. मला ते पटत नाही. त्याची निष्ठा कोणत्याही सिद्धांताइतकीच त्या तेहतीस घरांवर होती असे वहीवरून दिसते. गाव सोडून निष्ठा जपण्यापेक्षा गावाबरोबर राहून जे उरेल ते सांभाळणे त्याने पत्करले. आयुष्याच्या अखेरीस त्याच्या हिशेबांत पुन्हा थोडा उत्साह दिसू लागतो. या वेळी खर्च नव्या पद्धतीच्या उपासनेसाठी आहे, पण वर्गणी देणारी घरे तीच आहेत. चर्च रिकामे झाले तरी त्यासाठी एकत्र येण्याची सवय पुरती मेली नव्हती.

ग्रामीण चर्चचा स्थापत्येतिहास वाचताना आपण कमानीचे वय विचारतो, खिडकीची शैली विचारतो. ते आवश्यकच आहे. मोरबाथ त्यात एका प्रश्नाची भर घालते. इथे उभे असलेले, किंवा इथून नाहीसे झालेले, हे कुणाच्या पाळीचे, कुणाच्या मेंढीचे, कुणाच्या वर्गणीचे होते? पांढऱ्या चुन्याने सारवलेली इंग्रजी चर्चमधली रिकामी भिंत आज आपल्याला साधेपणाची खूण वाटते. त्या भिंतीवर एके काळी काय होते हे बहुतेक गावांत सांगता येणार नाही, कारण हिशेब उरलेले नाहीत. ग्रेच्या थडग्यांतली माणसे मुकी वाटतात ती बोललीच नाहीत म्हणून नव्हे. मोरबाथची माणसे दरवर्षी, सर्वांसमोर, मोठ्याने बोलत होती. फरक एवढाच की तिथे एकाने चोपन्न वर्षे ते लिहून घेतले, आणि आणखी कुणी तरी ती वही जपून ठेवली.